अनेक विषयांत रमणाऱ्या हुशार विद्यार्थ्यासाठी अमेरिकेतील लवचीक ऑनर्स प्रोग्रॅम कसा शोधावा

गणितात अव्वल असणारी, सुटीत इतिहासाची पुस्तके वाचणारी आणि शाळेच्या नाटकाला संगीतही देणारी विद्यार्थिनी अमेरिकेतील हायस्कूलच्या अकरावीत पोहोचली की मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता निवडायचा, हा प्रश्न तिला सर्वांत अवघड जातो. अशा विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठांची ऑनर्स कॉलेजे आणि ऑनर्स प्रोग्रॅम ही मोठी संधी ठरू शकते. मोजक्या विद्यार्थ्यांचे सेमिनार, प्राध्यापकांशी थेट संबंध, पदवीच्या काळातच स्वतंत्र संशोधन आणि कोर्स नोंदणीत अग्रक्रम हे सारे तेथे मिळते. मात्र याच नावाखाली काही ठिकाणी जादा अटी इतक्या असतात की चार वर्षांत दुसऱ्या विषयाला जागाच उरत नाही. त्यामुळे प्रोग्रॅम शोधताना क्रमवारी आणि माहितीपत्रके बाजूला ठेवून एक प्रश्न सतत विचारावा, असे माझे ठाम मत आहे : ऑनर्सच्या अटी पदवीच्या नेहमीच्या अटींची जागा घेतात, की त्यांच्यावर आणखी एक थर चढवतात? पुढील सर्व पायऱ्या या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठीच आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी

पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर कॉलेजचे अध्यक्ष फ्रँक एडेलॉट हे ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले होते. तेथील अध्यापनपद्धतीवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९२२ मध्ये स्वॉर्थमोरला ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. त्यात लहान सेमिनार असतात आणि शेवटची परीक्षा बाहेरून आलेले परीक्षक घेतात, ही प्रथा तेथे आजही चालू आहे. पुढे मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांनी ही कल्पना आपापल्या परीने स्वीकारली. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील ‘प्लॅन टू’ची सुरुवात १९३५ मधली आहे, तर ओरेगॉन विद्यापीठाचे क्लार्क ऑनर्स कॉलेज १९६० मधले आहे. नॅशनल कॉलेजिएट ऑनर्स कौन्सिल ही या क्षेत्रातील संघटना १९६६ मध्ये स्थापन झाली. ती चांगल्या ऑनर्स शिक्षणाची तत्त्वे प्रसिद्ध करते, पण कोणत्याही प्रोग्रॅमला मान्यता देण्याचे किंवा नाकारण्याचे काम करत नाही. परिणामी ‘ऑनर्स कॉलेज’ हे नाव वापरण्यासाठी देशभर लागू असलेला एकच निकष नाही. एका विद्यापीठात त्याचा अर्थ स्वतंत्र अभ्यासक्रम, स्वतःचे प्राध्यापक आणि स्वतःची इमारत असा होतो, तर दुसरीकडे काही राखीव वर्ग आणि पदवीवर एक ओळ एवढाच. ही विविधता लक्षात घेतली की केवळ नावावरून तुलना करणे किती धोक्याचे आहे, ते कळते.

पहिली पायरी : विद्यार्थ्याला नेमके काय हवे आहे, ते कागदावर आणावे

‘मला सगळेच आवडते’ हे वाक्य खरे असले तरी त्यावरून कॉलेज निवडता येत नाही. आंतरविद्याशाखीय ओढ साधारणपणे तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीला वेगळी रचना मानवते.

काही विद्यार्थ्यांचा मुख्य विषय ठरलेला असतो, परंतु त्यांना त्याच्या बाहेरचे वाचन आणि चर्चा चालू ठेवायची असते. संगणकशास्त्र शिकताना तत्त्वज्ञान सोडायचे नाही, असे म्हणणारा विद्यार्थी या गटातला. त्याला चांगले ऑनर्स सेमिनार असलेला प्रोग्रॅम पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला दोन विषय सारख्याच खोलीने शिकायचे असतात, उदाहरणार्थ जीवशास्त्र आणि अर्थशास्त्र. त्याच्यासाठी दोन मेजर सांभाळून ऑनर्स पूर्ण करता येते का, हा कळीचा मुद्दा ठरतो. तिसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो कोणत्याही एका विभागात मावत नाही. नदीकाठच्या शहरांत पुराचा धोका कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न जलविज्ञान, कायदा, नगररचना आणि इतिहास या सर्वांना स्पर्श करतो. अशा विद्यार्थ्याला स्वतःचा मेजर आखण्याची मुभा हवी.

हे ओळखण्यासाठी विद्यार्थ्याने गेल्या दोन वर्षांत कोणी न सांगता केलेल्या कामांची यादी करावी. वाचलेली पुस्तके, लिहिलेले प्रोग्रॅम, स्वयंसेवक म्हणून केलेले काम, अर्धवट राहिलेले प्रकल्प, सारे त्यात यावे. गुणपत्रिका येथे फारशी उपयोगी पडत नाही, कारण हुशार विद्यार्थ्याचे गुण सर्वच विषयांत चांगले असतात. यादीतील कामे एकमेकांशी कोठे जुळतात, हे पाहिले की तीनपैकी कोणता प्रकार आपला आहे याचा अंदाज येतो. पालकांनी ही यादी वाचावी, पण ती स्वतः तयार करू नये.

दुसरी पायरी : रचनांचे प्रकार समजून घ्यावेत

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे संपूर्ण विद्यापीठासाठी असलेले ऑनर्स कॉलेज. विद्यार्थी अभियांत्रिकी, व्यवस्थापन किंवा कला शाखेत राहून त्याचाही सदस्य असतो. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचे बॅरेट ऑनर्स कॉलेज १९८८ मध्ये स्थापन झाले. तेथे पहिल्या वर्षी ‘द ह्यूमन इव्हेंट’ हा दोन सेमिस्टरचा सेमिनार सर्वांना घ्यावा लागतो आणि शेवटी थीसिस किंवा सर्जनशील प्रकल्प करावा लागतो. पेन स्टेटच्या श्रायर ऑनर्स कॉलेजातही थीसिस अनिवार्य आहे. ओरेगॉनच्या क्लार्क कॉलेजात थीसिसचे तोंडी समर्थन करावे लागते.

दुसरा प्रकार अधिक रोचक आहे. टेक्सासचा प्लॅन टू हा स्वतःच एक मेजर आहे. जागतिक साहित्य, तत्त्वज्ञान, विज्ञान आणि समाजशास्त्रे यांचा ठरलेला गाभा आणि शेवटी थीसिस, अशी त्याची बी.ए. पदवी असते. तेथील अनेक विद्यार्थी त्यासोबत दुसरा मेजरही करतात. ज्याला रुंद पाया हवा आहे पण सर्व निवड स्वतः करण्याचे ओझे नको आहे, त्याला ही रचना फार छान मानवते. न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाचे मॅकॉले ऑनर्स कॉलेज २००१ मध्ये सुरू झाले. तेथे शहरालाच अभ्यासविषय मानून कला, स्थलांतर, विज्ञान आणि नियोजन अशा अंगांनी सेमिनारांची मालिका घेतली जाते, आणि मेजर मात्र विद्यार्थी आपल्या मूळ कॅम्पसवर पूर्ण करतो.

‘ऑनर्स’ या एकाच नावाने वेगवेगळ्या गोष्टी ओळखल्या जात असल्याने होणारा गोंधळ वॉशिंग्टन विद्यापीठाने सिॲटलमध्ये चांगला सोडवला आहे. तेथे आंतरविद्याशाखीय ऑनर्स वेगळे, विभागीय ऑनर्स वेगळे, आणि दोन्ही पूर्ण करणाऱ्यासाठी कॉलेज ऑनर्स वेगळे. विभागीय ऑनर्स म्हणजे आपल्या मेजरमध्येच अधिक खोल काम आणि बहुधा शेवटच्या वर्षीचा थीसिस. आंतरविद्याशाखीय ओढ असलेल्या विद्यार्थ्याने केवळ विभागीय ऑनर्स असलेल्या विद्यापीठात तो प्रोग्रॅम आपल्यासाठी आहे असे गृहीत धरू नये.

संघाने संशोधन करायचे असेल तर मेरीलँड विद्यापीठाचा जेमस्टोन प्रोग्रॅम पाहावा. वेगवेगळ्या मेजरचे विद्यार्थी एकत्र येऊन एकच प्रकल्प अनेक वर्षे चालवतात आणि संघाचा थीसिस सादर करतात. स्वतःची पदवी आखायची असेल तर साउथ कॅरोलायना ऑनर्स कॉलेजची ‘बॅकॅलॉरिअस आर्टियम एट सायंटिए’ ही पदवी आणि पिट्सबर्ग विद्यापीठाची पदवीपूर्व ‘बॅचलर ऑफ फिलॉसॉफी’ ही दोन उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत. पिट्सबर्गच्या पदवीसाठी थीसिसचे समर्थन समितीपुढे करावे लागते आणि त्या समितीत विद्यापीठाबाहेरील परीक्षक असतो. पदवीच्या पातळीवर हे गांभीर्य फार थोड्या ठिकाणी आढळते.

‘कम लाउडे’, ‘मॅग्ना कम लाउडे’ ही पदवीवरील लॅटिन बिरुदे सामान्यतः एकूण जीपीएवर, म्हणजे सर्व कोर्समधील श्रेणींच्या सरासरीवर, दिली जातात. ऑनर्स प्रोग्रॅमशी त्यांचा संबंध असेलच असे नाही.

तिसरी पायरी : कोर्स कॅटलॉग उघडून क्रेडिटचा हिशेब मांडावा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा. प्रवेशेच्छूंसाठीची पाने सर्व विद्यापीठांची सारखीच दिसतात. सत्य सापडते ते कॅटलॉगमध्ये आणि सध्याच्या विद्यार्थ्यांसाठीच्या हँडबुकमध्ये, कारण तेथे लिहिलेले नियम पदवी देताना पाळावे लागतात.

सेमिस्टर पद्धतीच्या बहुतेक विद्यापीठांत पदवीसाठी सुमारे १२० क्रेडिट, म्हणजे प्रत्येक कोर्सला ठरवून दिलेली एकके, लागतात. वॉशिंग्टनसारख्या क्वार्टर पद्धतीच्या विद्यापीठात हाच आकडा १८० असतो. क्वार्टरचे तीन क्रेडिट म्हणजे सेमिस्टरचे दोन, हे लक्षात ठेवूनच आकड्यांची तुलना करावी. हे क्रेडिट मेजर, जनरल एज्युकेशन (मेजरबाहेरचे, सर्वांना सक्तीचे विषय) आणि मोकळे ऐच्छिक कोर्स अशा तीन भागांत वाटलेले असतात. ऑनर्सचे प्रत्येक क्रेडिट या तीनपैकी कोणत्या भागात मोजले जाते, हे शोधून काढायचे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पदवीचे १२० क्रेडिट असून त्यांपैकी मेजरचे ६६, जनरल एज्युकेशनचे ३६ आणि मोकळे १८ आहेत. विद्यार्थिनीने हायस्कूलमध्ये ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणजे एपी परीक्षा देऊन २४ क्रेडिट मिळवले, त्यांतील १८ जनरल एज्युकेशनला आणि ६ मेजरला लागू झाले. आता मेजरचे ६०, जनरल एज्युकेशनचे १८ आणि मोकळे १८ असे ९६ क्रेडिट बाकी राहिले. ऑनर्सला २४ क्रेडिट लागतात : सेमिनारचे १२, मेजरमधील ऑनर्स वर्गांचे ६ आणि थीसिसचे ६.

पहिल्या विद्यापीठात सेमिनार जनरल एज्युकेशनमध्ये आणि थीसिस मेजरमध्ये धरला जातो. मेजरचे ऑनर्स वर्ग तर मेजरमध्येच बसतात. त्यामुळे तिचे १८ मोकळे क्रेडिट जसेच्या तसे शिल्लक राहतात आणि त्यांत संगीताचा किंवा इतिहासाचा मायनर, म्हणजे छोटा दुय्यम विषय, आरामात बसतो. दुसऱ्या विद्यापीठात सेमिनार आणि थीसिस दोन्ही मोकळ्या क्रेडिटमधून जातात. तेथे १२ आणि ६ मिळून १८ क्रेडिट संपतात, आणि ऑनर्सची विद्यार्थिनी असूनही तिला दुसऱ्या विषयाचा एकही जादा कोर्स घेता येत नाही, किंवा मग चार वर्षांच्या पलीकडे थांबावे लागते. दोन्ही प्रोग्रॅमची जाहिरात मात्र ‘२४ क्रेडिटचे ऑनर्स’ अशीच असते.

याच हिशेबात एपी आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) क्रेडिटचा एक पेच दडलेला आहे, आणि तो नेमका सर्वांत मेहनती विद्यार्थ्याला अडचणीत आणतो. ज्याने शाळेतच जनरल एज्युकेशनचा बहुतांश भाग संपवलेला असतो, त्याच्या बाबतीत ऑनर्स सेमिनारांना जागा घेण्यासाठी अट शिल्लकच नसते. मग तेच सेमिनार जादा ठरतात. अनेक प्रोग्रॅम एपीचे गुण सेमिनारच्या बदली स्वीकारत नाहीत, आणि शैक्षणिक दृष्टीने ते योग्यही आहे, कारण सेमिनारचे मोल चर्चेत असते. पण याचा परिणाम आपल्या वेळापत्रकावर काय होईल, हे आधीच मोजलेले बरे.

अभियांत्रिकी, नर्सिंग, वास्तुकला, संगीत अशा मेजरमध्ये मोकळी जागा मुळातच कमी असते. त्यांत ऑनर्स प्रोग्रॅम कसा बसतो, याचा नमुना आराखडा प्रत्येक मेजरसाठी प्रसिद्ध करणारे विद्यापीठ भरवशाचे समजावे. आराखडा नसेल तर तो ऑनर्स कार्यालयाकडे मागावा. वैद्यकीय शिक्षणाकडे जाणाऱ्यांनी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र यांचे प्रयोगशाळेसह लागणारे कोर्सही याच तक्त्यात भरावेत.

ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट ही आणखी एक सोय समजून घ्यावी. साध्या कोर्समध्ये प्राध्यापकाशी लेखी करार करून जादा काम केले की तो कोर्स ऑनर्सचा धरला जातो. विषयांची मोकळीक हवी असणाऱ्याला ही फार मोलाची सवलत आहे, कारण ऑनर्स वर्ग नसलेल्या विषयातही त्याला क्रेडिट मिळवता येते. मात्र संपूर्ण ऑनर्स कॉन्ट्रॅक्टवरच चालत असेल, तर सहाध्यायांसोबतची चर्चा जवळजवळ मिळत नाही आणि प्रत्येक सेमिस्टरला नवा प्राध्यापक राजी करावा लागतो. दोन-तीन कॉन्ट्रॅक्ट असावेत, आठ नसावेत, असे मला वाटते.

चौथी पायरी : थीसिस आणि सेमिनारांच्या याद्या वाचाव्यात

आंतरविद्याशाखीय हा शब्द जवळपास प्रत्येक संकेतस्थळावर असतो. तो खरा आहे का, हे तपासण्याचे दोन खात्रीचे मार्ग आहेत आणि दोन्ही घरबसल्या वापरता येतात.

अनेक विद्यापीठांची ग्रंथालये पदवीपूर्व ऑनर्स थीसिस ऑनलाइन संग्रहात ठेवतात. गेल्या दोन-तीन वर्षांची शीर्षके वाचावीत आणि मार्गदर्शक कोणकोणत्या विभागांचे आहेत, ते पाहावे. सर्व थीसिस प्रयोगशाळेतील ठरावीक धाटणीचे असतील, तर तेथे विज्ञानाचे संशोधन उत्तम चालत असेल, पण विभागांच्या सीमा ओलांडण्याची सवय रुजलेली नाही. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने इतिहासाच्या प्राध्यापकासोबत लिहिलेले काम, संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीची कवितांवरील मांडणी किंवा लेखी विवेचनासह सादर केलेले नाटक असे काही आढळले, तर त्या प्रोग्रॅमला खरोखर लवचीकता मान्य आहे, असे समजावे. थीसिसऐवजी सर्जनशील प्रकल्प चालतो का, दोन विभागांचे दोन मार्गदर्शक चालतात का, आणि दोन मेजर असल्यास एकच थीसिस दोन्हीकडे मान्य होतो का, हे नियमही तेथेच तपासावेत.

दुसरा मार्ग म्हणजे मागील तीन-चार सेमिस्टरच्या ऑनर्स कोर्सची यादी. दरवर्षी तेच पाच कोर्स आणि तेही पहिल्या वर्षाच्या विषयांच्या वेगळ्या तुकड्या असतील, तर नावीन्य कमी आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षासाठी सेमिनार आहेत का, दोन विभागांचे प्राध्यापक मिळून एखादा कोर्स शिकवतात का, वर्गात किती विद्यार्थी घेतात, हे नोंदणीच्या सार्वजनिक वेळापत्रकात बहुधा दिसते. पहिल्या वर्षानंतर ऑनर्स विरून जाणे हा अनेक प्रोग्रॅमचा दोष असतो, आणि तो माहितीपत्रकात कधीच दिसत नाही.

पाचवी पायरी : कार्यालयाला आणि सध्याच्या विद्यार्थ्यांना नेमके प्रश्न विचारावेत

‘तुमचा प्रोग्रॅम लवचीक आहे का’ असे विचारले तर उत्तर होकारार्थीच येईल. त्याऐवजी उत्तरात आकडा किंवा नियम यावा लागेल, असे विचारावे. प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण ऑनर्स पूर्ण करून पदवी घेतात? माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मधूनच सोडणाऱ्यांचे प्रमाण मोठे असेल, तर अटी आणि मेजर यांचा मेळ बसत नाही असा त्याचा बहुधा अर्थ असतो, आणि कोणत्या मेजरचे विद्यार्थी अधिक सोडतात हेही त्यासोबत विचारावे.

मेजर बदलला तर आधी घेतलेल्या ऑनर्स कोर्सचे काय होते? काही विद्यापीठांत संगणकशास्त्र, अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन या शाखांत नंतर प्रवेश मिळवणे अतिशय कठीण असते आणि ऑनर्सचा विद्यार्थी असल्याने ते दार आपोआप उघडत नाही. ज्याचा मेजर अजून पक्का नाही, त्याने हे लेखी विचारून घ्यावे. किमान जीपीए किती राखावा लागतो, एखाद्या सेमिस्टरला तो घसरला तर सुधारण्याची मुदत मिळते का, हाही प्रश्न टाळू नये. जीपीएची अट फार कडक असेल तर विद्यार्थी अनोळखी आणि अवघड विषयांपासून दूर राहू लागतो, आणि मग आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा हेतूच मागे पडतो.

परदेशातील सेमिस्टर, इंटर्नशिप किंवा संशोधन यांना ऑनर्स क्रेडिट मिळते का, ऑनर्सचे स्वतंत्र ॲडव्हायझर आहेत का आणि एकाकडे किती विद्यार्थी असतात, ऑनर्सच्या वसतिगृहात राहणे सक्तीचे आहे का, या गोष्टी त्यानंतर येतात.

विद्यार्थ्यांशी बोलताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी शोधावेत. कार्यालयाने पुढे केलेल्या विद्यार्थ्याखेरीज आपल्या मेजरमधील आणखी एकाशी तरी बोलावे. त्याला विचारण्याजोगा उत्तम प्रश्न असा : गेल्या वर्षी घ्यायचा होता पण घेता आला नाही, असा कोर्स कोणता आणि तो का घेता आला नाही?

सहावी पायरी : खर्चाचे गणित

सार्वजनिक विद्यापीठांच्या ऑनर्स प्रोग्रॅमकडे अनेक कुटुंबे वळतात त्यामागे खर्च हे मोठे कारण असते. आयव्ही लीग या आठ नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातील विद्यापीठे गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथील मदत आर्थिक गरजेवर ठरते. उलट अनेक सार्वजनिक विद्यापीठे हुशार विद्यार्थ्यांना आकर्षित करण्यासाठी गुणवत्तेवर मोठ्या शिष्यवृत्त्या देतात, काही ठिकाणी राज्याबाहेरील विद्यार्थ्याचे जादा शुल्कही माफ होते. मॅकॉलेत प्रवेश मिळालेल्या न्यूयॉर्क राज्याच्या रहिवासी विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क भरले जाते.

केंद्रीय आर्थिक मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता प्रत्यक्ष किती खर्च येईल याचा अंदाज देणारे साधन) ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. यादीतील प्रत्येक विद्यापीठासाठी तो भरावा. त्यात ऑनर्सचे वेगळे शुल्क धरलेले नसू शकते. काही ऑनर्स कॉलेजे दर सेमिस्टरला किंवा दर वर्षी असे शुल्क आकारतात आणि ऑनर्सचे वसतिगृहही महाग असू शकते. शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे का, नूतनीकरणासाठी किती जीपीए लागतो आणि ऑनर्स सोडल्यास ती जाते का, हे पत्रात वाचून मगच निर्णय घ्यावा. शिष्यवृत्ती ऑनर्सला बांधलेली असेल, तर विद्यार्थी नको झालेला प्रोग्रॅमही नाइलाजाने ओढत राहतो.

नागरिक आणि पात्र रहिवासी विद्यार्थ्यांनी फाफ्सा हा केंद्रीय आर्थिक मदतीचा अर्ज भरावा, तो साधारणपणे १ ऑक्टोबरला खुला होतो. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना केंद्रीय मदत मिळत नाही, म्हणून गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या त्यांना खुल्या आहेत का, हे त्यांनी सर्वांत आधी पाहावे.

एफ-१ विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे आणि तो फार उशिरा कळतो. अमेरिकेतील प्रत्येक मेजरला सीआयपी नावाचा वर्गीकरण कोड असतो. पदवीनंतर मिळणाऱ्या १२ महिन्यांच्या ओपीटीला (आपल्या विषयात तात्पुरते काम करण्याच्या परवानगीला) २४ महिन्यांची स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांसाठीची, मुदतवाढ मिळेल की नाही, हे त्या कोडवर अवलंबून असते. स्वतः आखलेल्या आंतरविद्याशाखीय पदवीला सर्वसाधारण कोड लागला आणि तो स्टेम यादीत नसला, तर निम्मे कोर्स संगणकशास्त्राचे असूनही मुदतवाढ मिळत नाही. यावर उपाय म्हणजे स्टेम यादीतील एक मेजर कायम ठेवून आंतरविद्याशाखीय पदवी दुसरा मेजर म्हणून करणे, किंवा कोणता कोड लागेल हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधीच लेखी घेणे.

सातवी पायरी : ऑनर्सखेरीजचे पर्यायही यादीत ठेवावेत

काही विद्यापीठांत लवचीकता मूळ रचनेतच असते, तेथे ऑनर्सची गरजच पडत नाही. ब्राउन विद्यापीठाचा १९६९ पासूनचा खुला अभ्यासक्रम, न्यूयॉर्क विद्यापीठातील गॅलॅटिन स्कूल, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील कॉलेज ऑफ क्रिएटिव्ह स्टडीज आणि कार्नेगी मेलनच्या कला-विज्ञान जोडणाऱ्या बीएक्सए पदव्या ही त्याची उदाहरणे आहेत. लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांत सेमिनार सर्वांनाच मिळतात. अर्थात तेथे अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाचे मेजर नसण्याची शक्यता असते. यांपैकी दोन-तीन नावे यादीत असली, तर ऑनर्स प्रोग्रॅम नेमके काय जादा देतो हे तुलनेने स्पष्ट होते.

आठवी पायरी : अर्ज आणि वेळापत्रक

अकरावीच्या वसंतात वरील तपासणी करून आठ-दहा प्रोग्रॅमची यादी तयार असावी. कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला नव्या वर्षासाठी खुले होते. ऑनर्ससाठी काही विद्यापीठे वेगळा अर्ज आणि निबंध मागतात, काही मूळ अर्जावरूनच निवड करतात. ज्यांच्याकडे वेगळा अर्ज असतो, त्यांची मुदत विद्यापीठाच्या सर्वसाधारण मुदतीआधी असू शकते, आणि अनेक सार्वजनिक विद्यापीठांत ऑनर्स व शिष्यवृत्तीचा विचार केवळ लवकर, म्हणजे बहुधा १ नोव्हेंबरच्या सुमारास, अर्ज करणाऱ्यांचाच होतो. म्हणून प्रत्येक नावापुढे दोन तारखा लिहाव्यात.

निबंधात ‘मला विज्ञान आणि कला दोन्ही आवडतात’ असे सांगून भागत नाही, कारण प्रत्येक अर्जदार तेच सांगतो. दोन विषय एकत्र आल्याशिवाय सुटलाच नसता असा एखादा प्रश्न, त्यासाठी प्रत्यक्ष केलेले काम आणि पुढे काय शोधायचे आहे, हे लिहावे. पहिल्या पायरीतील यादी येथे कामी येते. त्या प्रोग्रॅमचा एखादा सेमिनार किंवा थीसिसची पद्धत आपल्या प्रश्नाशी कशी जुळते, हे नेमकेपणाने मांडता आले तर वाचणाऱ्याला विद्यार्थ्याची तयारी दिसते. शिफारसपत्रे दोन भिन्न विषयांच्या शिक्षकांची असावीत.

प्रवेशाच्या वेळी ऑनर्स मिळाले नाही तरी दार कायमचे बंद होत नाही. अनेक प्रोग्रॅम पहिल्या किंवा दुसऱ्या सेमिस्टरनंतर, विद्यापीठातील गुणांवर, नवे विद्यार्थी घेतात. त्या मार्गाने येणाऱ्यांच्या अटी बऱ्याचदा कमी असतात, कारण पहिल्या वर्षाचे सेमिनार त्यांना लागू नसतात. ज्याला आधी विद्यापीठ समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग मला तितकाच चांगला वाटतो.

नववी पायरी : प्रवेश मिळाल्यावर

बहुतेक विद्यापीठांना १ मेपर्यंत निर्णय कळवायचा असतो. एप्रिलमध्ये, उरलेल्या दोन-तीन पर्यायांसाठी आठ सेमिस्टरचा पूर्ण तक्ता भरावा आणि त्याच्या दोन आवृत्त्या कराव्यात : एक ठरलेल्या मेजरची, दुसरी दुसऱ्या वर्षी मेजर बदलला तर काय होईल याची. तक्ता ऑनर्सच्या ॲडव्हायझरला पाठवून त्यातील चुका दाखवण्याची विनंती करावी. उत्तर किती नेमके आणि किती आपुलकीने येते, यावरून पुढील चार वर्षांत मिळणाऱ्या मार्गदर्शनाचा बराचसा अंदाज येतो. दुसरी आवृत्ती ज्या विद्यापीठात कमीत कमी नुकसानीत बसते, त्याला मी झुकते माप देईन.

उन्हाळ्यातील ओरिएंटेशनला पहिल्या सेमिस्टरची नोंदणी होते. तेथे एपीचे सर्व गुण घाईने लागू करून घेऊ नयेत. कोणते क्रेडिट स्वीकारायचे हे निवडण्याची मुभा विद्यापीठ देत असेल, तर मेजरला उपयोगी पडणारे आधी घ्यावेत आणि ज्या अटींची जागा ऑनर्स सेमिनार घेऊ शकतात, त्या मोकळ्या ठेवाव्यात. पहिल्या सेमिस्टरला ऑनर्स सेमिनार एक, मेजरचे पायाभूत कोर्स दोन आणि पूर्णपणे अनोळखी विषयाचा कोर्स एक, अशी नोंदणी करावी. या शेवटच्या कोर्ससाठी पास-नापास पद्धतीची सोय असल्यास तो ऑनर्समध्ये कसा मोजला जाईल, हे ॲडव्हायझरला त्याच दिवशी विचारून घ्यावे.